बंदिवानांचे मित्र जॉन हॉवर्ड

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत आपल्या प्रभूनें शेवटल्या न्यायाचें जें वर्णन केलें आहे तें आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदां वाचलें जातें. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आश्रय, उघड्याला वस्त्र, दुखणाइताचा समाचार, हीं कामें आपण शक्तीप्रमाणें करतों. परंतु सहावें काम, म्हणजे बंदिशाळेंत पडलेल्याकडे जाणें, फार थोड्यांच्या हातून घडतें. तुरुंगांत गेलेल्या माणसाचें नांव काढणें हेंही गांवांत कमीपणाचें वाटतें. ज्या गृहस्थांचें चरित्र आम्ही आज सांगणार आहों त्यांनीं हें सहावें काम आपल्या उत्तर आयुष्याचें एकच काम केलें. एवढेंच नव्हे, तर कैद्यानें कसल्या जागेंत राहावें, त्याला हवा, पाणी व उजेड किती मिळावा, हा विषय केवळ दयाळू लोकांच्या मर्जीवर न राहतां राज्याच्या कायद्यांत यावा, असें त्यांनीं घडवून आणिलें.

जॉन हॉवर्ड यांचा जन्म १७२६ सालीं लंडनजवळ हॅकनी येथें झाला. त्यांचे वडील गाद्या, पडदे व गालिचे यांच्या व्यापारांत बरेच श्रीमंत झाले होते. घराणें इंग्लंडच्या राजमान्य मंडळीपासून वेगळें राहणाऱ्या इंडिपेंडंट पंथाचें असून धर्माचरणांत कडक होतें. आई लहानपणींच वारली, व मुलाचें बाळपण बेडफर्ड परगण्यांतील कार्डिंग्टन या खेड्यांत गेलें. प्रकृति नाजूक व विद्येंत गति बेताची. शुद्ध लिहिणें त्यांना शेवटपर्यंत साधलें नाहीं, व त्यांचे ग्रंथ मित्रांनीं तपासून छापखान्यांत पाठविले. वडिलांनीं त्यांना एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे उमेदवार ठेविलें होतें; पण १७४२ सालीं वडील वारले, मोठी संपत्ति हातीं आली, आणि उमेदवारी सुटली. पुढें एका दुखण्यांत ज्या विधवा घरमालकिणीनें त्यांची शुश्रूषा केली, तिच्याशीं त्यांनीं कृतज्ञतेनें विवाह केला. ती वयानें त्यांच्याहून सुमारें दुप्पट होती, व थोड्याच वर्षांत ती वारली.

१७५५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपानें उद्ध्वस्त झाली. तेथें जाण्याकरितां हॉवर्डसाहेब पुढल्या वर्षीं जहाजानें निघाले. इंग्लंड व फ्रान्स यांचें तेव्हां वैर चाललें होतें. वाटेंत एका फ्रेंच लुटारू जहाजानें त्यांचें गलबत धरलें. उतारूंना चाळीस तास पाण्यावांचून ठेविलें, व मग ब्रेस्ट बंदराच्या किल्ल्यांतील एका अंधाऱ्या, ओलसर तळघरांत कोंडलें. बऱ्याच वेळानें मांसाचा एक मोठा तुकडा आंत टाकण्यांत आला. सुरी कोणाजवळ नव्हती, म्हणून तो दांतांनीं तोडून खावा लागला. सुमारें आठवडाभर ते गवतावर निजले. पुढें सुटका झाल्यावर ते घरीं स्वस्थ बसले नाहींत. मागें राहिलेल्या खलाशांच्या हालांची हकीगत त्यांनीं लंडनच्या अधिकाऱ्यांपुढें मांडली. तुरुंग म्हणजे काय हें त्यांनीं अशा रीतीनें आंतून पाहिलें. पण त्या बीजाला अंकुर फुटण्यास अजून सतरा वर्षें अवकाश होता.

तीं वर्षें त्यांनीं बहुतेक कार्डिंग्टन येथें घालविलीं. १७५८ सालीं हेन्रिएटा लीड्स या सुशील बाईंशीं त्यांचा विवाह झाला. गांवांतील कुळांचीं घरें सखल, दलदलीच्या जागीं असून लोक वारंवार तापानें आजारी पडत. हॉवर्ड पतिपत्नींनीं त्या झोंपड्यांच्या जागीं कोरडीं, हवाशीर घरें बांधून दिलीं, व मुलांमुलींकरितां शाळा घातल्या. माणूस राहतो त्या जागेचा त्याच्या शरीरावर व वर्तनावरही परिणाम होतो, हा धडा ते आपल्याच गांवांत शिकले. १७६५ सालीं पहिल्या पुत्राच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत हेन्रिएटाबाई प्रभूकडे गेल्या. या दुःखांतून ते कधींच पुरते सांवरले नाहींत.

१७७३ सालीं, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षीं, सरकारनें त्यांची बेडफर्ड परगण्याचे हाय शेरिफ म्हणून नेमणूक केली. राजमान्य मंडळींत प्रभुभोजन न घेणाऱ्यानें असा अधिकार स्वीकारल्यास त्याला मोठा दंड होऊं शकत असे. हॉवर्डसाहेबांनीं तो धोका पत्करला. शेरिफाच्या हाताखालीं परगण्याचा तुरुंग असे. बहुतेक शेरिफ तें काम दुय्यम माणसावर सोंपवीत. हॉवर्डसाहेब स्वतः तुरुंगांत गेले. आपल्या लोकांच्या परिचयाच्या 'यात्रिकक्रमण' ग्रंथाचे कर्ते जॉन बन्यन यांनीं शंभर वर्षांपूर्वीं बारा वर्षें बंदिवास सोसला, तो याच बेडफर्ड गांवीं.

तेथें त्यांनीं एक विलक्षण गोष्ट पाहिली. न्यायसभेनें निर्दोष ठरवून सोडलेलीं माणसें पुन्हां तुरुंगांत नेऊन अडकवून ठेविलीं होतीं. कारण काय? तर जेलरला पगार नव्हता. कैद्यांकडून मिळणाऱ्या फीवर त्याचा संसार चाले, आणि ती फी न देणाऱ्याला, तो निर्दोष असला तरी, तो बाहेर सोडीत नसे. हॉवर्डसाहेबांनीं परगण्याच्या मॅजिस्ट्रेटांना विनंती केली कीं, जेलरला पगार द्यावा म्हणजे हा अन्याय मिटेल. मॅजिस्ट्रेट म्हणाले, दुसऱ्या कोणत्या परगण्यांत असें होत असल्यास दाखवा. तो दाखला शोधण्याकरितां ते घोड्यावर बसून शेजारच्या परगण्यांत गेले. दाखला सांपडला नाहीं. सर्वत्र तोच अन्याय दिसला. एका परगण्यांतून दुसऱ्यांत असे ते फिरत राहिले, व ती फेरी त्यांच्या मरणापर्यंत संपली नाहीं.

त्या काळचे तुरुंग कसे होते हें थोडक्यांत सांगतों. बहुतेक जागा तुरुंग म्हणून बांधलेल्याच नव्हत्या. जुने किल्ले, वेशींवरील खोल्या, घरांचीं तळघरें, यांतच माणसें कोंडीत. कित्येक कोठड्या जमिनीखालीं असून त्यांत पाणी झिरपे. इंग्लंडांत त्या वेळीं घराच्या खिडक्यांवर कर असे, व तुरुंगाचा कर जेलरला भरावा लागे, म्हणून तो खिडक्या बुजवून टाकी. पुष्कळ तुरुंगांत विहीर नव्हती, व पिण्याला आणि धुण्याला मिळून दिवसाचें पाणी मोजून मिळे. निजावयाला गवत, तेंही कित्येक ठिकाणीं कैद्यानें विकत घ्यावयाचें. पुरुष, स्त्रिया, पोरवयाचे अपराधी व मुरलेले चोर दिवसभर एकत्र असत. नव्या कैद्याकडून जुने कैदी पैसे मागत, व ते नसल्यास त्याच्या अंगावरचे कपडे काढून घेत. जेलर आंतच दारूचें दुकान चालवी, कारण तोही त्याच्या उत्पन्नाचा भाग होता. बेड्या हलक्या करावयाच्या तरी पैसे पडत.

या जागांत एक भयंकर ताप वसत असे. त्याला तुरुंगताप म्हणत. तो भिंतींच्या आंत राहत नसे. १७५० सालीं लंडनच्या न्यायमंदिरांत आणलेल्या कैद्यांपासून तो पसरला, व खुद्द लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश आणि दुसरे पुष्कळ लोक मेले. फांशीनें जितके मरतात त्यांहून अधिक कैदी या तापानें मरतात, असें हॉवर्डसाहेबांना आढळून आलें. हा ताप घाण हवेनें होतो अशी त्या वेळच्या वैद्यांची समजूत होती. तो टायफस असून अंगावरील व कपड्यांतील उवांपासून पसरतो हें १९०९ सालीं फ्रान्सचे शास्त्रज्ञ शार्ल निकोल यांनीं सिद्ध केलें. तथापि स्नान, स्वच्छ कपडे, धुतलेली जमीन व चुना दिलेल्या भिंती हे जे उपाय हॉवर्डसाहेबांनीं मागितले, ते योग्यच होते.

१७७४ सालच्या मार्च महिन्यांत पार्लमेंटच्या समितीनें त्यांची साक्ष घेतली. हा एवढा प्रवास कोणाच्या खर्चानें केला, असें एका सभासदानें विचारलें. कोणी आपल्या पदरचा पैसा खर्चून तुरुंग पाहत फिरेल हें त्याला खरें वाटेना. सभेनें हॉवर्डसाहेबांना समोर बोलावून त्यांचे आभार मानले, व त्याच वर्षीं दोन कायदे केले. पहिल्यानें असें ठरविलें कीं, निर्दोष ठरलेल्या माणसाला भर न्यायसभेंत तत्काळ मोकळें करावें, व जेलरची फी परगण्याच्या तिजोरींतून द्यावी. दुसरा कायदा कैद्यांच्या आरोग्याचा होता. वर्षांतून निदान एकदां भिंती व छत खरडून चुना द्यावा. खोल्या नेहमीं धुवाव्या व हवा खेळती ठेवावी. आजारी स्त्रियांकरितां व पुरुषांकरितां वेगळ्या खोल्या राखाव्या. वस्त्रहीनाला वस्त्र द्यावें. जमिनीखालच्या कोठड्यांचा उपयोग होतां होईल तों टाळावा. आणि अनुभवी वैद्य नेमावा, असें त्यांत होतें.

वाचकहो, येथें दुसरा कोणी असता तर आपलें काम संपलें असें समजून घरीं गेला असता. हॉवर्डसाहेबांनीं दोन्ही कायदे आपल्या खर्चानें मोठ्या ठळक अक्षरांत छापवून देशांतील प्रत्येक परगण्याच्या जेलरकडे पाठविले, म्हणजे मला ठाऊक नव्हतें असें कोणाला म्हणतां येऊं नये. मग ते पुन्हां घोड्यावर बसले व कायदा पाळला जातो कीं नाहीं हें पाहूं लागले. आरोग्याचा कायदा फळ्यावर रंगवून तुरुंगांत लावावा असें त्याच कायद्यांत होतें. हॉवर्डसाहेब प्रत्येक तुरुंगांत तो फळा कोठें आहे हें पाहत, आणि नसल्यास, फळा लावलेला नाहीं, भिंतींना चुना नाहीं, असें आपल्या वहींत टिपून ठेवीत. कित्येक तुरुंगांविषयीं अशी नोंद त्यांना पुन्हां पुन्हां करावी लागली. राजाची सही झालेला कायदा खेड्यापाड्यांच्या तुरुंगापर्यंत आपोआप चालत जात नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें.

त्यांची पाहण्याची रीत साधी होती. ते अगदीं आंतल्या कोठडीपर्यंत जात, खोलीची लांबी, रुंदी व उंची मापीत, भाकरीचें वजन करीत, फीचे दर विचारीत, व सर्व लगेच लिहून घेत. अंगाच्या कपड्यांना अशी दुर्गंधि येई कीं बंद घोडागाडींत बसणें त्यांना असह्य होई. म्हणून ते घोड्यावरूनच जात. वहीचीं पानें विस्तवापुढें शेकल्यावांचून वाचतां येत नसत, व जवळ बाळगलेल्या शिरक्याच्या बाटलीलाही थोड्याच वेळांत घाण वास लागे. स्वतः ते मद्यमांस घेत नसत; भाकरी, दूध, फळें व चहा एवढ्यावर राहत.

१७७७ सालीं इंग्लंड व वेल्स येथील तुरुंगांच्या स्थितीवर त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत अलंकारिक भाषण नाहीं. तुरुंगामागून तुरुंगाची हकीगत आहे. १७७६ सालीं त्यांनीं केलेल्या गणतींत एकंदर कैदी ४,०८४ भरले. त्यांपैकीं २,४३७, म्हणजे निम्म्याहून अधिक, केवळ कर्जदार होते. फौजदारी गुन्ह्याचे कैदी ९९४ व किरकोळ अपराधी ६५३ होते. सावकाराचें देणें फिटेपर्यंत कर्जदाराला कोंडून ठेवावें, कोंडलेला असल्यामुळें त्यानें मिळवूं नये, व न मिळविल्यामुळें देणें फिटूं नये, अशी ती रीत होती. कित्येकांचीं बायकामुलेंही त्यांच्याबरोबर आंत राहत. कर्जाच्या ओझ्याची ज्यांना ओळख आहे त्या आमच्या शेतकरी बंधूंना याहून अधिक सांगण्याचें कारण नाहीं.

इंग्लंडांतील दोष दाखवून ते थांबले नाहींत. अधिक चांगलें कोठें होत आहे हें पाहण्याकरितां ते फ्रान्स, हॉलंड, फ्लँडर्स, जर्मनी, इटली व रशिया या देशांत गेले. हॉलंडांत तुरुंग स्वच्छ असून कैद्यांना काम शिकवीत. फ्लँडर्समधील घेंट शहराच्या बंदिगृहांत प्रत्येकाला रात्रीं निजण्यास वेगळी खोली होती. या अनुभवावरून, प्रसिद्ध कायदेपंडित ब्लॅकस्टोन व विल्यम ईडन यांच्या साहाय्यानें, १७७९ सालीं पार्लमेंटांत एक नवा कायदा झाला. कैद्यांनीं दिवसा एकत्र काम करावें, रात्रीं वेगळें निजावें, व शिक्षेबरोबर त्यांची सुधारणाही व्हावी, अशीं पश्चात्तापगृहें सरकारनें बांधावीं, असें त्यांत ठरलें. देखरेखीला तिघे नेमले. त्यांत हॉवर्डसाहेब होते. परंतु जागा कोठें घ्यावी यावरून तिघांत मतभेद पडला, त्यांचे मित्र डॉक्टर फॉदरगिल वारले, व १७८१ सालीं हॉवर्डसाहेबांनीं राजीनामा दिला. त्या कायद्याखालीं सरकारचें एकही पश्चात्तापगृह उभें राहिलें नाहीं. तरी ससेक्स, ग्लॉस्टर इत्यादि परगण्यांनीं आपले तुरुंग नव्या पद्धतीनें बांधले.

पुढल्या पिढींत कित्येकांनीं त्यांची ही सूचना विपरीत केली. १८४२ सालीं उघडलेल्या पेंटनव्हिल तुरुंगांत कैद्यांना रात्रंदिवस एकटें ठेवूं लागले, व त्यांतील कांहींजण वेडे झाले. पूर्ण एकांतवास माणसाच्या मनाला सोसत नाहीं, त्यानें निराशा व बुद्धिभ्रंश होतो, असा इशारा हॉवर्डसाहेबांनीं स्वतः आधींच देऊन ठेविला होता.

पन्नाशी उलटून गेल्यावर त्यांनीं एक नवें काम घेतलें. मरीच्या सांथीपासून बचाव करण्याकरितां भूमध्य समुद्राच्या बंदरांत जीं क्वारंटाईनचीं घरें होतीं, त्यांची खरी स्थिति समजून घेण्याकरितां ते स्मिर्ना येथून मुद्दाम सांथीचा संशय असलेल्या जहाजांत बसले. वाटेंत चांचे लोकांनीं हल्ला केला. व्हेनिस येथें त्यांना क्वारंटाईनमध्यें घाणेरड्या खोलींत ठेविलें, व तेथें ते आजारी पडले. शेवटीं त्यांनीं स्वतः चुना आणवून भिंती पांढऱ्या करविल्या, तेव्हां त्यांच्या जिवाला बरें वाटलें. इंग्लंडच्या कैद्यांकरितां त्यांनीं जें मागितलें होतें, त्याची गरज त्यांना स्वतःच्या देहानें पटली.

याच प्रवासांत त्यांना दोन बातम्या कळल्या. एक अशी कीं, लंडनचे लोक त्यांचा पुतळा उभारण्याकरितां वर्गणी जमवीत आहेत. त्यांनीं तत्काळ पत्र लिहून तें काम थांबविण्याची विनंती केली. दुसरी बातमी कीं, त्यांचा एकुलता एक मुलगा दुर्व्यसनांत पडून वेडा झाला आहे. आई नसलेला हा मुलगा लहानपणींच वसतिगृहाच्या शाळेंत गेला होता, व बाप वर्षांतून पुष्कळ महिने परदेशीं असे. हॉवर्डसाहेब घरांत फार कडक होते असें कित्येकांनीं म्हटलें. त्यांच्या मित्रांनीं तें नाकारलें. आम्ही त्याचा निवाडा करीत नाहीं. परंतु हजारों परक्यांना ज्यांनीं शोधून काढलें, त्यांच्या हातून स्वतःचा मुलगा निसटला, ही गोष्ट लपवून ठेवणें खरेपणाचें होणार नाहीं. जे सेवक मंडळीच्या कामाकरितां गांवोगांव फिरतात त्यांनीं ती ध्यानांत ठेवावी. तो मुलगा १७९९ सालीं वेड्यांच्या इस्पितळांतच वारला.

१७८९ सालच्या उन्हाळ्यांत हॉवर्डसाहेब शेवटच्या प्रवासाला निघाले. रशियाच्या दक्षिणेस खेरसोन शहरीं लष्करी इस्पितळांत शिपाई व खलाशी तापानें मरत होते. त्यांचे हाल ते पाहूं लागले. तेथें एका आजारी तरुणीला पाहण्याला म्हणून ते दूरवर गेले, आणि लवकरच त्यांनाही तापानें धरलें. १७९० सालच्या जानेवारीच्या २० तारखेस त्यांचा अंत झाला. ज्या तुरुंगतापाशीं ते सोळासतरा वर्षें झगडले, तशाच तापानें ते गेले. आपल्या थडग्यावर मोठें स्मारक नसावें, फक्त सूर्याचें घड्याळ ठेवावें, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनीं सुमारें ४२,००० मैल प्रवास केला व पदरचे सुमारें ३०,००० पौंड खर्चिले, असा हिशेब लोकांनीं केला आहे. लंडनच्या सेंट पॉल मंदिरांत जो पहिला पुतळा बसला तो त्यांचाच.

त्यांनीं पेरलेलें पुढें हळूहळू उगवलें. १८१५ सालीं इंग्लंडांत जेलरच्या फीची पद्धति बंद झाली. १८२३ च्या कायद्यानें स्त्री कैद्यांवर स्त्रियाच नेमाव्या असें ठरलें. १८३५ सालीं सरकारनें तुरुंग तपासणारे पगारी अधिकारी नेमले. म्हणजे एका माणसानें स्वखुशीनें जें केलें तें राज्याचें कर्तव्य झालें. १८६९ सालीं कर्जाकरितां कैद बहुतेक बंद झाली. हिंदुस्थानांत १८९४ सालीं जो तुरुंगांचा कायदा झाला त्यांत स्त्रियांना पुरुषांपासून व खटला चालू असलेल्यांना शिक्षा झालेल्यांपासून वेगळें ठेवावें, वैद्यकीय अधिकारी असावा, आणि गर्दी फार झाल्यास निवाऱ्याची दुसरी सोय करावी, असें घातलें. २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें मान्य केलेल्या नियमांत कैद्याच्या खोलींत पुरेशी जागा, हवा, व वाचण्याइतका उजेड देणारी खिडकी असावी, असें सांगितलें आहे. खिडक्या बुजविणारा तो जेलर व हा नियम यांच्यामध्यें अडीचशें वर्षें गेलीं.

तथापि नियम झाला म्हणजे काम झालें असें नव्हे. २०२२ सालच्या अखेरीस आपल्या देशाच्या तुरुंगांत १०० माणसांच्या जागेंत सरासरी १३० हून अधिक माणसें राहत होतीं, आणि त्यांपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश लोकांचा निकाल अद्याप लागावयाचा होता. न्यायसभेनें ज्यांना अजून दोषी म्हटलें नाहीं अशांकरितांच हॉवर्डसाहेब प्रथम घोड्यावर बसले होते.

आपण खेड्यांतील साधीं माणसें. आपल्याजवळ त्यांची संपत्ति नाहीं, व पार्लमेंट आपणांस साक्षीला बोलावीत नाहीं. पण त्यांनीं जें केलें त्याचा आरंभ अगदीं लहान होता. ते जाऊन आले, त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें, विचारलें, खरें तेवढें लिहून ठेविलें, आणि पुन्हां गेले. आपल्या गांवांतील कोणी बंदींत असेल तर त्याला भेटण्याची परवानगी मिळते. त्याचा खटला कोठें अडला आहे हें विचारतां येतें. त्याला पत्र लिहितां येतें. आणि त्याच्या दारीं, जेथें आज कोणी पाऊल टाकीत नाहीं, तेथें जाऊन त्याच्या बायकामुलांची विचारपूस करतां येते. फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या नायकानें पौल व सीला यांच्या जखमा रात्रींच्या रात्रीं धुतल्या. त्यानें सकाळची वाट पाहिली नाहीं. आपणही पाहूं नये.